वाचकांचे प्रश्न : गाणाऱ्याच्या श्वासावर बॅले

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी वेल्समध्ये एका छोट्या बॅले मंडळीचा प्रयोग पाहिला. नर्तक जेमतेम दहा-बारा होते आणि वाद्यवृंद नव्हता; रंगमंचाच्या एका कडेला गायिका गिटार घेऊन बसली होती आणि पारंपरिक वेल्श गाणी गात होती. एक शब्दही कळत नसताना मी पार हलून गेले. मात्र तेव्हापासून एक शंका मनात आहे. ध्वनिमुद्रण रोज सारखेच वाजते, पण माणसाचा गळा रोज वेगळा लागतो. मग नर्तकांची लय चुकत कशी नाही?

उत्तर : आपण पाहिलेली मंडळी कोणती ते आपण लिहिलेले नाही, पण या पद्धतीचे परिचित उदाहरण वेल्समधल्या न्यूपोर्ट शहराच्या ‘बॅले कम्री’चे आहे. डेरियस जेम्स यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या या मंडळीच्या ‘टीर’ (म्हणजे भूमी) या रचनेत वेल्श गायिका केरिस मॅथ्यूज यांनी रंगमंचावर स्वतः पारंपरिक गाणी गायली.

लय सांभाळण्याचे काम बॅलेत दोन तऱ्हांनी चालते, आणि त्या दोहोंतला फरक आधी ध्यानात घ्यायला हवा. उड्या आणि जलद पदन्यास असतात तिथे गायिकेला फारशी मोकळीक घेता येत नाही, कारण हवेत उडालेले शरीर किती वेळात खाली येईल हे गाणे ठरवत नाही. लय थोडी जरी ओढली गेली तरी नर्तक सुराच्या आधी जमिनीवर येतो आणि सगळी उडी वाया जाते. म्हणून अशा गाण्यांची लय तालमीतच पक्की केली जाते. संथ नृत्यात मात्र गायिकेला एखादा सूर लांबवता येतो. तेव्हा नर्तक आठ-आठच्या मोजणीवर विसंबून राहत नाहीत, ते तिचा श्वास ऐकतात. ओळ सुरू होण्याआधी ती जो श्वास घेते, तोच त्यांचा इशारा असतो. गायिकेला पडद्यामागे किंवा रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात न बसवता रंगमंचावर बसवण्याचे एक कारण हेच आहे. शिवाय तिचा आवाज सगळ्यांपर्यंत स्पष्ट पोहोचावा म्हणून नर्तकांच्या दिशेने स्वतंत्र ध्वनिक्षेपकही लावता येतात. मोठ्या मंडळीत चाळीस जणांना एका श्वासावर उठवणे फार कठीण आहे, दहा जणांना ते साधते. म्हणून या बाबतीत लहान असणे हे त्या मंडळीचे बळ आहे, असे मी मानतो.

माझ्या मते खरी अवघड गोष्ट लय नाही, पुनरावृत्ती आहे. बॅलेसाठी मुद्दाम लिहिलेले संगीत पुढे पुढे वाढत जाते. लोकगीताची चाल मात्र प्रत्येक कडव्याला तीच असते. ‘आर हीद अ नोस’, म्हणजे ‘रात्रभर’, हे गाणे घ्या. हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी ही चाल 1784 मध्ये छापली. तिच्या एका कडव्यात ‘आर हीद अ नोस’ हेच शब्द तीनदा येतात, आणि मधल्या दोन ओळींत तेवढी चाल वर चढून पुन्हा खाली येते. नृत्यरचनाकाराने तिन्ही वेळा एकच हालचाल दिली तर प्रेक्षक कंटाळतो, आणि तिन्ही वेळा निराळी दिली तर ध्रुपदाचे ध्रुपदपण हरवते. चांगला रचनाकार हालचाल तीच ठेवतो आणि ती करणारे बदलतो. आधी एकटी नर्तकी आरबेस्कमध्ये, म्हणजे एका पायावर तोल सांभाळून दुसरा मागे सरळ उचलून, उभी राहते, मग दुसरी तिच्या पाठीशी येते, आणि तिसऱ्या वेळी ‘नोस’वरचा सूर विरत असताना सगळ्यांचे मागे उचललेले पाय एकदमच हळूहळू खाली येतात. ऐकणाऱ्याला ती ओळ तेव्हा नव्याने ऐकल्यासारखी वाटते.

प्रश्न : वेल्शांची स्वतःची लोकनृत्ये असताना या गाण्यांवर बॅले कशाला?

उत्तर : शंका रास्त आहे. वेल्सचे लाकडी तळव्यांच्या बुटांचे नृत्य आजही जिवंत आहे आणि ते फार देखणे आहे. पण अठराव्या शतकात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मजागृतीची लाट आली, तिच्यात नाच, फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) आणि मौजमजेचे मेळावे पापात जमा झाले, आणि पुष्कळ समूहनृत्ये विस्मरणात गेली. विसाव्या शतकात जुन्या नोंदी आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांवरून ती पुन्हा जुळवावी लागली. वेल्श लोकनृत्य संस्था 1949 ची आहे. गाण्यांचे नशीब त्या मानाने बरे. ती घरात, पाळण्याशी आणि शेतावर टिकली, आणि 1906 पासून लोकगीत संस्थेने ती गोळा केली.

दुसरे कारण आवाजाचे आहे. लाकडी बुटांचे नृत्य स्वतःच तालवाद्य असते, त्यामुळे ‘सीओ गान’सारख्या अंगाईवर ते चढून बसेल. (वेल्शमधले हे ‘गान’ आपल्या ‘गान’सारखे ऐकू येते, आणि त्याचा अर्थही गाणेच, हा केवळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.) बॅलेचे पॉइंट शूजही, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट, वाटतात तितके मुके नसतात. त्यांची पुढची टोके कडक असतात आणि साथीशिवाय गाणे चालू असेल तर प्रत्येक पाऊल टक्कन वाजते. म्हणून नर्तकी प्रयोगाआधी ती टोके जमिनीवर आपटून नरम करतात आणि उडीनंतर अंगठ्यापासून टाचेपर्यंत पाऊल अलगद टेकवतात. काही रचनाकार अशा गाण्यांसाठी सरळ मऊ सपाट बूटच निवडतात, आणि अंगाईला तेच शोभते असे माझे मत आहे.

प्रश्न : पुढच्या वेळी जाण्याआधी वेल्श शब्द शिकून जावे का?

उत्तर : ध्रुपदाचा अर्थ तेवढा माहीत करून घ्या, बाकीचे कानावर सोडा. 2021 च्या जनगणनेनुसार वेल्समध्येच वेल्श बोलता येणारे 17.8 टक्के आहेत. आपल्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही कदाचित प्रत्येक शब्द कळत नसेल.