‘व्हेलची उलटी’ की अंबर?

प्रश्न असा आहे : तस्करीच्या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ असं छापून येतं, ते बरोबर आहे का? आणि मराठीत याला दुसरा शब्द आहे का?

आहे, आणि जुनाच आहे : अंबर. अत्तराच्या धंद्यात आणि युनानी औषधांत हाच शब्द चालतो. ‘उलटी’ चुकीची, पण ती आली कुठून ते कळण्यासारखं आहे. अंबर देणाऱ्या स्पर्म व्हेल या देवमाशाचं मुख्य खाणं माकूल, म्हणजे स्क्विड. माकुलाचं मांस पचतं, पोपटासारखी टणक चोच मात्र पचत नाही. अशा चोची पोटात साठल्या की देवमासा त्या ओकून टाकतो. खरी उलटी ही, आणि तिला बाजारात कुणी विचारत नाही. क्वचित काही चोची पुढे आतड्यात उतरतात. त्यांच्याभोवती मेणचट द्रव्य साचतं, त्यात विष्ठा मिसळते आणि गोळा वाढत जातो. तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो किंवा जनावर मेल्यावर सुटतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ताजा गोळा काळा असतो, त्याला शेणाचा वास येतो. समुद्रात वर्षानुवर्षं तरंगून तो राखाडी होतो, मग त्याला तो सुगंध येतो. फोडला तर आत काळ्या चोचींचे तुकडे दिसतात.

हा ‘अंबर’ अरबी ‘अन्बर’वरून आला. आकाश किंवा वस्त्र या अर्थाच्या संस्कृत ‘अंबर’शी त्याचं नातं नाही. अरबीतून तो युरोपात गेला, तेव्हा किनाऱ्यावर सापडणाऱ्या पिवळ्या, अश्मीभूत राळेलाही तेच नाव चिकटलं. घोटाळा टाळायला फ्रेंचांनी व्हेलच्या अंबराला ‘आंब्र ग्री’, म्हणजे राखाडी अंबर, म्हटलं. त्याचंच इंग्रजीत ‘अँबरग्रिस’ झालं आणि नुसतं ‘अँबर’ राळेकडे राहिलं. म्हणून भाषांतर करताना जपा : इंग्रजीतली ‘अँबर’ची माळ मराठीत अंबराची नव्हे, तृणमण्यांची. (फारसीत कहरुबा. घासल्यावर तो गवताची काडी ओढून घेतो, त्यावरून ही दोन्ही नावं.)

‘व्हेल मासा’ही टाळावं. ‘देवमासा’ रूढ झाला, त्यातला मासा आता काढता येणार नाही; पण सस्तन व्हेलला नव्याने मासा जोडायचं कारण नाही.

बातमीत पहिल्यांदा ‘अंबर, म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा मेणचट पदार्थ’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘अंबर’. मथळ्यात जागेची अडचण सांगू नये. ‘उलटी’लाही तीनच अक्षरं लागतात.