लेकरांना कादंबरी वाचून दाखवायची आहे ना, भाऊ?

सुरुवात ‘श्यामची आई’पासून करा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक ४२ रात्रींत विभागलेलं आहे. रोज जेवणं झाली की एक रात्र वाचायची. उद्याची रात्र मात्र आदल्या दिवशीच मनात वाचून ठेवा. काही प्रसंगी गळा दाटून येतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. आलं रडू तर येऊ द्या, घाईनं पुढं जाऊ नका.

गोष्ट कोकणातली, आपली लेकरं कापूस-तुरीच्या गावची. समुद्र, खाडी कुठून कळणार? तिथं थांबा, वऱ्हाडीत समजावून सांगा. पण पुस्तकातली भाषा बदलू नका, तिची लय कानावर पडायलाच हवी. आजी मध्येच स्वतःच्या लहानपणाचं सांगू लागली, तर पुस्तक खुशाल मांडीवर ठेवा. माझ्या मते वाचनाचा खरा लाभ तोच.

वाचून झाल्यावर शाळेसारखे प्रश्न विचारू नका, पोरं दुसऱ्या दिवशी बसत नाहीत. वेचणीच्या दिवसांत खंड पडेल, पडू द्या.

नंतर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे घ्या. तो जरा वेगानं वाचा.