पहिल्यांदा कॉन्ट्रा कॉल करताय? सुरुवातीला एवढं बघा

नवख्या लोकांसमोर कॉन्ट्रा डान्स (समोरासमोरच्या लांब रांगांत जोडीने नाचायचा लोकनृत्य प्रकार) कॉल करणार, म्हणजे पुढची स्टेप माइकवरून सांगणार म्हणताय ना, मस्तच, नक्की करा!

सगळ्यात आधी टायमिंग. कॉन्ट्राची ट्यून एकदा पूर्ण वाजली की 64 बीट्स होतात आणि बहुतेक फिगर (नाचातल्या ठरलेल्या हालचाली) 8 किंवा 16 बीट्सच्या असतात, त्यामुळे पुढच्या फिगरचा कॉल आधीच्या फिगरच्या शेवटच्या 3-4 बीट्समध्ये देऊन मोकळं व्हायचं. नवीन कॉलर नेमका पहिल्या बीटवर बोलायला लागतो आणि अख्खी लाइन मागे पडते. घरी रेकॉर्डिंग लावून मोठ्याने कॉल म्हणा, स्वयंपाक करताना म्हणा, पण रोज म्हणा.

दुसरं, डान्स सोपे घ्या. सर्कल, स्टार (हात मध्ये जोडून गोल फिरणं), डो-सी-डो (समोरच्याभोवती पाठीमागून फिरून परत जागेवर येणं), लाँग लाइन्स (अख्ख्या रांगेने) पुढे-मागे, बास. स्विंग (जोडीदाराला धरून जागेवरच वेगाने फिरणं) शिकवत बसू नका, दोन्ही हात धरून गोल फिरले तरी पुरतं. कम्युनिटी इव्हेंटला लहान मुलं, आज्जी-आजोबा सगळे येतात, तिथे एक मोठा सर्कल डान्स नाहीतर व्हर्जिनिया रील (दोन रांगांचा सोपा जुना डान्स) छान चालतो, कारण कॉन्ट्रासारखी लाइनच्या टोकाला थांबून परत आत यायची भानगड नाही.

या चुका टाळाच:
- वॉकथ्रू (म्युझिकशिवाय स्टेप्स चालवून घेणं) लांबवणं. लोक नाचायला आलेत, दोनदा चालवून घ्या आणि म्युझिक सुरू.
- कॉलमध्ये जास्त शब्द. "शेजाऱ्याशी डो-सी-डो" एवढं पुरे.
- एखादा ग्रुप चुकला की माइकवर त्यांच्याकडे बोट दाखवणं, हे तर अजिबात नको, ती माणसं परत येत नाहीत.

अवघड फिगर, मेडली (न थांबता एकापाठोपाठ अनेक डान्स) वगैरे नंतर बघू. डान्स कुठले निवडताय ते इथे टाका, मी बघते.