मुलीला योगशिक्षणासाठी बालीला पाठवावे का?

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

डिचोलीहून आपण पाठवलेले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी २३ वर्षांची आहे, बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षे ती मांद्रे येथील एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात काम करते, तिथल्या सकाळच्या वर्गांमुळे तिला योगाची गोडी लागली आणि आता साठवलेल्या पगारातून बालीमधील उबुद येथे २५ दिवसांचा, २०० तासांचा योगशिक्षक प्रशिक्षण वर्ग करायचे तिने ठरवले आहे. ‘सारे जग योग शिकायला हरमल-मांद्र्याला येते आणि आमची मुलगी तोच योग शिकायला परदेशी निघाली, हे कुठले शहाणपण?’ असे तिचे वडील विचारतात. ‘मला स्वतःला ओळखायचे आहे’ हे तिचे उत्तर ऐकल्यावर हे करिअर आहे की सहल, अशी शंका आपल्या मनात आली आहे.

वडिलांचा प्रश्न रास्त आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेले कैवल्यधाम आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि मुंबईची सांताक्रूझ येथील योग संस्था तर त्याहूनही जुनी, १९१८ची आहे. केवळ विषयाचे ज्ञान मिळवायचे असते, तर लोणावळ्याचे तिकीट काढा, एवढेच लिहून मी थांबलो असतो. परंतु जिच्या गावात दुकानदारापासून बसच्या कंडक्टरपर्यंत प्रत्येक जण तिला अमक्यांची मुलगी म्हणून ओळखतो, तिला कोणीच ओळखत नाही अशा ठिकाणी महिनाभर राहावेसे वाटणे मला मुळीच थिल्लर वाटत नाही. फक्त ‘स्वतःला ओळखणे’ तिथे नेमके कुठे घडते, याविषयी तिची आणि माझी कल्पना थोडी वेगळी असावी.

२०० तास २५ दिवसांत बसवायचे म्हणजे रोजचे ८ तास झाले. पहाटेचा प्राणायाम, आसने, शरीररचना, योगसूत्रे आणि दुपारनंतर एकमेकांना शिकवण्याचा सराव, असा दिवस असतो. पहिल्या आठवड्यात मनगटे आणि मांड्यांच्या मागचे स्नायू इतके दुखतात की जिना उतरणे नकोसे होते. काही वर्षांपूर्वी फोंड्याची एक विद्यार्थिनी परदेशातून असाच वर्ग करून आली, तेव्हा तिने मला आपला अनुभव सविस्तर सांगितला होता. सरावाच्या पहिल्या दिवशी वीरभद्रासन शिकवताना ती ‘उजवा पाय मागे घ्या’ म्हणाली आणि स्वतःही उजवाच पाय मागे नेला. समोरची माणसे गोंधळली, कारण वर्गाकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकाने ‘उजवा’ म्हणताना आपला डावा पाय हलवायचा असतो, म्हणजे समोरच्यांना तो आरशातल्यासारखा दिसतो. हे अंगवळणी पडायला तिला तीन दिवस लागले. पुढे तिच्या गटातल्या पन्नाशीच्या एका बाईंचा हात डोक्यावर सरळ जाईना, तरी ही ‘आणखी वर, आणखी वर’ म्हणत राहिली आणि शेवटी त्या बाई काही न बोलता खाली बसल्या. शिक्षिकेने नंतर तिला एवढेच विचारले, ‘त्यांच्या खांद्याकडे पाहिलेस का?’ त्या रात्री आपल्याला झोप आली नाही, असे ती मुलगी म्हणाली, कारण इतके दिवस आपण फक्त आपलेच आसन पाहत होतो हे तिच्या ध्यानात आले होते. अशा प्रशिक्षणातून माणूस वाढतो तो या क्षणी, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच संस्था निवडताना प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव किती तासांचा आहे, हे सर्वांत आधी विचारावे. तुकडीत किती जण असतात, आसन सुधारण्यासाठी अंगाला हात लावण्यापूर्वी शिक्षक परवानगी घेतात का आणि आजारपणामुळे परतावे लागल्यास शुल्काचे काय, याची उत्तरेही लेखी मागावीत. एक गोष्ट मात्र आपण तिच्याशी शांतपणे बोलून पाहावी. ती एखाद्या दुःखातून किंवा दीर्घ उदासीतून सुटका म्हणून निघाली असेल, तर आधी डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. दिवसाचे ८ तास चालणारा वर्ग हा त्यावरचा उपचार नव्हे.

आता पोटापाण्याचे. असे बहुतेक वर्ग ज्या ‘योगा अलायन्स’चे नाव सांगतात, ती अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेली नोंदणी करणारी संस्था आहे. ती शाळांची आणि त्या शाळांतून शिकलेल्या शिक्षकांची नोंद ठेवते, उमेदवाराची परीक्षा स्वतः घेत नाही. परदेशी पाहुण्यांच्या वर्गांसाठी ही नोंद उपयोगी पडते, परंतु पुढे शाळांत किंवा सरकारी उपक्रमांत काम करायचे असेल, तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा तिने परतल्यावर अवश्य द्यावी. किनाऱ्यावरचे वर्ग मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या हंगामात चालतात आणि पावसाळ्यात उत्पन्न जवळजवळ थांबते, त्यामुळे नोकरीचा राजीनामा न देता जून ते सप्टेंबर या काळात रजा घेऊन जाणे मला योग्य वाटते. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा बालीत कोरडा ऋतू असतो. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो आणखी ३० दिवसांसाठी एकदा वाढवता येतो, मात्र त्या व्हिसावर काम करता येत नाही. ‘इथेच राहून वर्ग घे, राहण्याजेवण्याची सोय आम्ही करतो’ असे कोणी म्हणाले तरी तिने ते स्वीकारू नये.

तिने जावे, असेच माझे मत आहे. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. आपली रात्रीची जेवणे उरकेपर्यंत तिच्याकडे मध्यरात्र होत आलेली असेल आणि पहाटे तिला पुन्हा उठायचे असेल, म्हणून फोन संध्याकाळी सहाच्या सुमारास करावा, आणि पहिल्या आठवड्यात तो रोज करू नये.

जाण्यापूर्वी हाताशी असलेल्या महिन्यांसाठी माझी एक विनंती आहे. गुडघ्यांमुळे आता मांडी घालून बसता येत नाही, असे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. डॉक्टरांना विचारून, रोज सकाळी १५ मिनिटे मुलीला आपल्याला शिकवू द्या, खुर्चीवर बसूनही चालेल. दुखले तर दुखते असे तिला स्पष्ट सांगा, तिचे मन राखण्यासाठी सोसू नका. महिनाभराने ती काय बदलून शिकवू लागली, ते मला कळवा आणि संस्थेकडून आलेले वेळापत्रकही त्याच पत्रासोबत पाठवा.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, पणजी