मिडवाइफ हवी, पण काही बिघडलं तर?

पहिलटकरीण, २८वा आठवडा. तिला स्वतंत्रपणे काम करणारी मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, हवी होती आणि बाळंतपण घरी व्हावं असं वाटत होतं. नवऱ्याला ते मुळीच पटत नव्हतं. "ऐन वेळी रक्तस्राव झाला तर ती एकटी काय करणार?" तिचं दुखणं वेगळं होतं. दर तपासणीला नवा चेहरा, पाच मिनिटांत बाहेर. कळांच्या वेळी तरी ओळखीचं माणूस जवळ असावं, एवढंच तिला हवं होतं.

दोघांची काळजी रास्त होती. पण नवरा मिडवाइफ आणि डूला एकच समजत होता. डूला धीर देते, तपासत नाही. शिकलेली, नोंदणीकृत मिडवाइफ रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, पोटाची वाढ पाहते. कळा जोरावर आल्या की दर १५ मिनिटांनी, कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट बाळाचे ठोके ऐकते. जोर करताना दर ५ मिनिटांनी. सिझेरियन किंवा रक्त चढवणं मात्र तिच्या हातात नसतं. म्हणून ती कुठे थांबून डॉक्टरांकडे पाठवते, यावरूनच तिची पारख करावी.

घराबद्दल त्यांना आकडे सांगणं भाग होतं. इंग्लंडमधल्या २०११च्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रासही घरी जास्त झाला: हजारी सुमारे ९, हॉस्पिटलात ५. मिडवाइफच चालवतात त्या प्रसूतिकेंद्रांत असा फरक दिसला नाही. हे ऐकून घराचा हट्ट तिने स्वतःच सोडला. मिडवाइफ मात्र सोडली नाही, आणि सोडायचं कारणही नव्हतं.

मग प्रश्नांची यादी करून दोघं मिडवाइफला भेटले. नोंदणी कुठली? बाळंतपणाला दुसरं प्रशिक्षित माणूस असतं का? रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन थंड ठेवून आणता का? बाळ रडलं नाही तर त्याला श्वास देणारा बॅग-मास्क कोण वापरणार? तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार? आणि सर्वांत महत्त्वाचं: कुठल्या लक्षणावर, कुठल्या हॉस्पिटलला, किती मिनिटांत? "बघू तेव्हा" असं उत्तर आलं, तर दुसरी मिडवाइफ शोधावी. इथे तिने लेखी योजना दिली. हॉस्पिटलमध्ये तिला फक्त सोबतीण म्हणून राहता येईल, याची परवानगीही ३२व्या आठवड्यातच काढून ठेवली. हे बहुतेकांकडून राहून जातं आणि मग दारातच वाद होतो.

३६व्या आठवड्यात रक्तदाब १४४/९२ भरला. मिडवाइफने १५ मिनिटांनी पुन्हा मोजला, लघवीत प्रथिन दिसलं, तशी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई-बाळाला धोका होणाऱ्या आजाराचं, निदान झालं. ३७व्या आठवड्यात औषधाने कळा आणल्या. मिडवाइफ उशाशी होती, निर्णय डॉक्टरांचे होते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत रक्तदाब पुन्हा चढू शकतो, म्हणून घरी येऊन मोजायचं काम तिच्याकडेच ठेवलं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं तर तिची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून फ्रिजवर लावलं.