वाचकांचे प्रश्न : एका संगणकावर कॉपी, दुसऱ्यावर पेस्ट

प्रश्न : आमच्या कार्यालयात एकाच नेटवर्कवर विंडोजचे दोन संगणक आहेत. एकावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर थेट पेस्ट करता येईल का? सध्या आम्ही तो स्वतःलाच ईमेलने पाठवतो.

उत्तर : येईल. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ही सोय आहे. दोन्ही संगणकांवर एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जमधील ‘क्लिपबोर्ड’ विभागात सिंकचा पर्याय चालू करावा, म्हणजे एकीकडे कॉपी केलेला मजकूर दुसरीकडे विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबताच यादीत दिसतो. मात्र तो तुमच्या नेटवर्कमधून परस्पर न जाता मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्गे जातो. ग्राहकांची खासगी माहिती हाताळणाऱ्या कार्यालयाला मी हा मार्ग सुचवणार नाही.

त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉइज’ या मोफत साधनसंचातील ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ बरे. एका संगणकावर तयार झालेली सुरक्षा-की दुसऱ्यावर टाकली, की एकच माउस आणि कीबोर्ड दोन्हींवर चालतो, आणि मजकुराखेरीज १०० एमबीपर्यंतची एखादी फाइलही पेस्ट करता येते. जोडणी होत नसेल, तर आधी फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी संगणकाची सुरक्षा-व्यवस्था) तपासावी. बहुतेकदा गाडे तिथेच अडते.