दिग्दर्शकालाच सिनेमाचा कर्ता का म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या शॉर्टफिल्ममध्ये कथा एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा, एडिट तिसरीचं, मग दिग्दर्शन करणाऱ्या मित्राने पोस्टरवर 'अमुकची फिल्म' म्हणून स्वतःचं नाव का लावावं, आणि तो असं काय करतो की त्याला सिनेमाचा कर्ता मानायचं? मी मुंबईत एडिटर आहे. याच प्रश्नावरून एका लेखक मित्राशी माझं बरीच वर्षं वाजलेलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कर्ता दिग्दर्शकच. तो सगळ्यांत हुशार असतो म्हणून नव्हे. लेन्स कॅमेरामनला जास्त कळते, संवाद लेखकाला, कुठला टेक जिवंत आहे हे पुष्कळदा एडिटरला. पण आम्ही सगळे आपापल्या तुकड्यापुरते असतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे अख्खा सिनेमा डोक्यात धरून एकच माणूस ठरवतो, आणि चुकलं तर शिव्याही त्यालाच बसतात.

एका सिनेमाचं सांगते. लालबागची चाळ, विधवा आई, कमावता मुलगा. खोलीची भाडेपावती वडिलांच्या पश्चात मुलाच्या नावावर झालेली. चाळ रिडेव्हलपमेंटला निघालीय आणि पोराने आईला न विचारता बिल्डरच्या संमतीपत्रावर सही करून टाकलीय. ते तो तिला सांगतो, असा सीन. आई खाली पेपर पसरून मेथी निवडत बसलेली. लेखक म्हणजे हाच माझा मित्र, प्रायोगिक नाटकातून आलेला, हाडाचा लेखक. त्याने मुलासाठी दीड पानाचं बोलणं लिहिलं होतं. खरंच उत्तम होतं ते. रंगमंचावर त्याला टाळी पडली असती.

शूटिंग खऱ्या चाळीत आणि सिंक साउंडमध्ये, म्हणजे आवाज तिथल्या तिथे रेकॉर्ड केलेला. माझ्याकडे रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं चित्रण, आले त्यात एक टेक होता, टेकची नोंद ठेवतात त्या कंटिन्युटीच्या शीटवर पुढे लिहिलेलं: साउंड एनजी, म्हणजे 'नो गुड', आवाज खराब. मुलाचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना बाहेर कुणीतरी ओरडतं, 'पाणी आलं!' लगेच गॅलरीत बादल्यांचा खडखडाट. चाळीतली माणसं ती, त्यांना पाण्याच्या वेळेला कोण थांबवणार? तर आईचं काम करणारी बाई मेथीची जुडी बाजूला ठेवते, पदराला हात पुसते, कळशी उचलते आणि सरळ फ्रेमच्या बाहेर निघून जाते. मुलगा गडबडतो. पण 'कट' कुणी म्हणत नाही, म्हणून तो आणखी दोन वाक्यं त्या मेथीकडे बघत म्हणतो आणि मग गप्प होतो. कॅमेरा चालूच. बाहेर पाण्याचा आवाज. ती भरलेली कळशी घेऊन आत येते, मोरीवर ठेवते, पुन्हा खाली बसते, तीच जुडी हातात घेते. मग 'कट'.

मी लाइन-अप, म्हणजे सीनची पहिली कच्ची जोडणी, ओके ठरलेल्या टेकचा लावला होता, तसाच लावतात. दिग्दर्शक आला, पाहिलं, म्हणाला, पाण्याचा टेक कुठाय? तो लावला. त्याने तो दोन-तीनदा बघितला आणि त्या दिवसापासून सिनेमा बदलायला लागला. त्याच्या आधीचा एक सीन होता, आई नवऱ्याच्या फोटोपुढे रडते. तो काढला, कारण उठून पाण्याला जाणाऱ्या बाईला सगळं आधीच ठाऊक आहे आणि तिचं रडून झालेलं आहे. पुढचं मायलेकाचं भांडण अर्ध्यावर आणलं. पहिल्या भागातलं पार्श्वसंगीत जवळजवळ सगळं गेलं, म्हणजे नळ, बादल्या, जिन्यातली पावलं कानावर पडत राहतील आणि 'पाणी आलं' ही हाक अचानक टपकल्यासारखी वाटणार नाही. तोवर सिनेमा एका मुलाच्या पेचाचा होता. आता तो आईचा झाला.

निर्मात्याला हे अजिबात पसंत नव्हतं. प्रेक्षकांना वाटेल चुकून राहिलंय, स्वच्छ टेक आहे तो लावा, असं त्याचं म्हणणं. दिग्दर्शक हटला नाही. पैसे दुसऱ्याचे असताना, आणि पुढचा सिनेमा त्याच माणसाकडून मिळायचा असताना न हटणं किती अवघड असतं, ते आमच्या धंद्यातल्यांनाच ठाऊक.

आणि लेखक मित्राला कट, म्हणजे जोडून झालेला सिनेमा, दाखवला तेव्हा तो भडकलाच. 'माझं भाषण तुम्ही रिकाम्या खोलीला ऐकवलंत!' मग तो जे म्हणाला तेच तुमच्या प्रश्नात आहे. 'लिहिलं मी. उठून गेली ती बाई. आवाज पकडला साउंडवाल्याने. कापलास तू. याने काय केलं?'

याने 'कट' म्हटलं नाही, हे केलं. आणि त्या एका टेकला लायक असा बाकीचा सिनेमा उभा केला. त्या बाईने केलं ते उत्स्फूर्त होतं, अप्रतिम होतं, पण ते एनजीच्या ढिगात पडून राहिलं असतं. मी कापलं हे खरं. हात माझे होते. पण फोटोपुढचं रडणं मी आपणहून काढलं नसतं, कारण सीन म्हणून तो चांगला होता आणि चांगला सीन वाचवायचा ही माझी सवय आहे. तो का नको, हे ज्याला दिसलं त्याचा तो सिनेमा.

मित्राचा हुकमी एक्का म्हणजे नाटककार विजय तेंडुलकर. 'निशांत' तेंडुलकरांचा, 'आक्रोश' तेंडुलकरांचा, दिग्दर्शक कोणी का असेना, असं तो म्हणतो. मी म्हणते, हेच दोन सिनेमे शेजारी ठेवून बघ. दोन्ही पटकथा तेंडुलकरांच्या. 'निशांत'वर (१९७५) श्याम बेनेगल दिग्दर्शक आणि गोविंद निहलानी कॅमेरामन. 'आक्रोश' (१९८०) खुद्द निहलानींनी दिग्दर्शित केला. लेखणी तीच, डोळाही तोच. तरी 'निशांत' अख्ख्या गावाचा आहे, आणि 'आक्रोश' एका गप्प बसलेल्या आरोपीचा, ज्याने आपली किंकाळी शेवटापर्यंत थोपवून धरलेली असते. फरक पडला तो ठरवणारा बदलल्यामुळे. माझ्या धंद्यातलं उदाहरणही देते, म्हणजे मी लेखकांवरच डूख धरलाय असं वाटायला नको. रेणू सलुजा म्हणजे आम्हा एडिटरांची मान ताठ करणारं नाव. 'जाने भी दो यारो' (१९८३) त्यांनी एडिट केला आणि 'परिंदा'ही (१९८९). दोन्ही मुंबईचेच, पण एक कुंदन शाह यांचा आणि दुसरा विधू विनोद चोप्रा यांचा, हे पाच मिनिटांत कळतं. हात एकच होता.

हा वाद मुळात लेखकांवरूनच पेटला. १९५४ साली फ्रेंच समीक्षक त्रुफोने, जो पुढे दिग्दर्शक झाला, 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकात लेख लिहिला, त्याचा रोख त्या वेळच्या फ्रेंच पटकथाकारांवर होता: कादंबरी घ्यायची, घोटीव संवाद लिहायचे, दिग्दर्शकाने फक्त चित्रं भरायची. पुढे अमेरिकेत समीक्षक अँड्र्यू सारिसने १९६२ मध्ये दिग्दर्शकच कर्ता असा सिद्धांत मांडला आणि पुढच्याच वर्षी पॉलीन केलने त्या सिद्धांतावर सडकून टीका केली. मित्राला केल आवडते. मलाही आवडते. पण केल समीक्षक होती. तिने बघितला तो फक्त शेवटचा कट. त्याच्या आधी किती वेगवेगळे सिनेमे त्याच रशेसमधून निघू शकत होते, ते आम्ही बघतो.

म्हणून लेखकांना माझं स्पष्ट सांगणं आहे. सिनेमा शब्दाला शब्द तुमचाच हवा असेल तर नाटक लिहा, तिथे मराठी प्रेक्षक आजही लेखकाचं नाव आधी विचारतो. नाहीतर स्वतः दिग्दर्शन करा, निर्मात्यासमोर बसा. पण दुसऱ्याने निभावलेला निर्णय आपल्या संहितेत आधीपासून होता, असं मागाहून म्हणू नका. मुलगा रिकाम्या खोलीशी बोलतो तेव्हा तुमची वाक्यं अधिक लागतात, हेही कधीतरी मान्य करा.

आता अपवाद. सगळ्याच दिग्दर्शकांना हे लागू नाही. एडिटला न फिरकणारा, 'तू लाव, मी शेवटी बघतो' म्हणणारा दिग्दर्शक कर्ता नव्हे, आणि असे खूप आहेत. रोजच्या मालिकांत तर दिग्दर्शक बदलला तरी कळत नाही. तिथे ठरवणारं चॅनल असतं. बड्या स्टारच्या सिनेमात स्टार असतो. 'संत तुकाराम'ला (१९३६) दोन दिग्दर्शक होते, दामले आणि फत्तेलाल, म्हणजे कर्ता एकच माणूस असतो हेही खरं नाही. आणि कायद्याने बघाल तर आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही जोडीला घ्यायचं होतं. २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते गळालं. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचं संरक्षण मिळालं, दिग्दर्शक राहिला तसाच.

तुमच्या पोस्टरबद्दल. कर्ता असणं वेगळं आणि श्रेय लाटणं वेगळं. 'जंजीर'च्या (१९७३) पोस्टरवर सलीम-जावेदना रंगारी लावून आपली नावं रंगवून घ्यावी लागली, ती वेळ कुठल्याही लेखकावर येऊ नये. 'सिटिझन केन'च्या शेवटी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने श्रेयनामावलीत स्वतःचं नाव ज्या पाटीवर घेतलं, त्याच पाटीवर कॅमेरामन ग्रेग टोलंडचं घेतलं. त्याने वेल्सचं काही कमी झालं नाही. तुमच्या मित्राला विचारा, हा टेक का घेतला, तो का नाही. प्रत्येक वेळी पुढच्या-मागच्या सीनचा हवाला देऊन सांगता आलं तर फिल्म त्याची. 'छान वाटला' एवढंच म्हणाला तर नाही. फेस्टिव्हलच्या फॉर्मवर दिग्दर्शक म्हणून त्याचं एकट्याचं नाव जाऊ द्या. पोस्टरवरून 'अमुकची फिल्म' काढा, कथा, कॅमेरा आणि एडिट त्याच्याच टाइपात लिहा, आणि साउंड करणाऱ्याचं नाव आडनावासकट घाला, ते नेहमी राहतं.